मनगट आणि मन : मारधाडीच्या दोन खेळांचे वाचन

मराठीच्या वर्गात ‘गुणदोषविवेचन’ हा शब्द आम्ही गेली अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. विद्यार्थी तो निमूटपणे उतरवून घेतात आणि परीक्षेत गुणांचा एक रकाना व दोषांचा एक रकाना भरून देतात. एकातून दुसरा वजा केला की कलाकृतीची किंमत निघते, असा काहीसा समज या पद्धतीच्या मुळाशी असतो. प्रत्यक्ष वाचनाचा अनुभव मात्र अशा वजाबाकीने चालत नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्यामागोमाग आलेली रिसबुडांची ‘मंजुघोषा’ शिकवताना ‘अद्भुतरम्य’, ‘योगायोगांनी भरलेली’, ‘कृत्रिम व्यक्तिचित्रण’ ही विशेषणे ओळीने येतात. ती खोटी नाहीत. परंतु ज्या वाचकांनी त्या काळी या कादंबऱ्या आवडीने वाचल्या त्यांना नेमके काय मिळत होते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या तासाला अनुत्तरितच राहतो. ‘सदोष आहे, तरीही सोडवत नाही’ या अनुभवाला आपल्या समीक्षेत धड नाव नाही. ‘रंजनपर’ असा शिक्का मारला की विषय संपतो.

या प्रश्नाचा माग काढण्यासाठी या वेळी आम्ही कादंबरी घेतलेली नाही; दोन व्हिडिओ गेम घेतले आहेत. हातात शस्त्र असलेला एकटा नायक, समोरून येणाऱ्या झुंडी आणि तोडत-कापत पुढे सरकणे, या प्रकाराला इंग्रजीत ‘हॅक अँड स्लॅश’ म्हणतात. गेवराईची मुले त्याला सरळ ‘मारधाडीचा गेम’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. पहिला खेळ परदेशी, व्हायकिंगांच्या पुराणकथांवर बेतलेला : ‘व्हायकिंग : बॅटल फॉर असगार्ड’ (२००८). दुसरा आपल्याकडचा, पुण्यात घडलेला : ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०). दोन्ही सदोष आहेत आणि दोन्ही आम्हांला आवडले. विशेष म्हणजे दोहोंचे दोष एकमेकांच्या नेमके उलट आहेत. म्हणूनच ते शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरावे.

मराठीच्या प्राध्यापकांनी या विषयात का शिरावे, असे कुणाच्या मनात येईल. तेव्हा आमच्या खेळण्याची हकिकत थोडक्यात सांगतो. आम्ही दोघेही चाळिशीतले, याच परिसरात वाढलेले. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम ज्या एखाद्या घरी असे, त्या घरापुढे चपलांचा ढीग पडलेला असे. पुढे तेव्हाच्या औरंगाबादला एम.ए. करताना सायबर कॅफेत थोडेफार खेळणे झाले. आजच्या विद्यार्थ्यांचे खेळणे बहुतांशी मोबाइलवर चालते. संगणकावरचे मोठे खेळ गेवराईला येतात ते सणासुदीला, पुण्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमधून. मागच्या दिवाळीत असा एक लॅपटॉप पंधरा दिवस आमच्याकडे मुक्कामाला होता. संध्याकाळी एकाने खेळायचे, दुसऱ्याने वहीत टिपणे काढायची, मग अदलाबदल. घरातली पोरे आमच्या संथ हातांवर मनसोक्त हसत. मधूनमधून विद्यार्थीही डोकावून जात. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या संध्याकाळच्या चर्चेतून आले आहे.

आधी व्हायकिंगांकडे वळू. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ ७९३ साली लुटला गेला, तेथून व्हायकिंग युगाची गणना सुरू करण्याची पद्धत आहे. वेरूळच्या कैलास लेण्याचे काम सुरू करणारा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्यानंतरची ही पुढची एक-दोन दशके. म्हणजे ही माणसे आपल्या इतिहासाला कालदृष्ट्या फार दूरची नाहीत. त्यांच्या देवकथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः आइसलंडमधून. तिथल्या स्नोरी स्टर्लुसन याने १२२०च्या सुमारास ‘एड्डा’ लिहिला, तेव्हा त्याचा देश ख्रिस्ती होऊन दोन शतके लोटली होती. जुन्या कवींच्या रूपकांचा अर्थ लागावा म्हणून त्याने या कथा सांगितल्या. एका परीने तोही आमच्यासारखा काव्यशिक्षकच. व्हायकिंगाच्या शिरस्त्राणावरची प्रसिद्ध शिंगे मात्र ना त्याच्या ग्रंथात आहेत, ना उत्खननात. ती १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोप्लर याने केलेल्या वेशभूषेतून जगभर पसरली. रंगभूमीने दिलेले रूप इतिहासापेक्षा टिकाऊ ठरते, याची उदाहरणे आपल्याकडेही शोधावी लागत नाहीत.

‘व्हायकिंग’ हा खेळ केला इंग्लंडच्या ‘क्रिएटिव्ह असेम्ब्ली’ने. मोठ्या सैन्यांच्या डावपेचांचे ‘टोटल वॉर’ नावाचे खेळ ही या मंडळींची ख्याती. त्यांनी एकट्या योद्ध्याचा खेळ करायला घेतला, तेव्हा सैन्य काही त्यांच्या हातून सुटले नाही. कथा अशी : मृतांच्या लोकाची राणी हेल माणसांच्या जगावर मेलेल्यांची फौज सोडते. स्कारिन नावाचा योद्धा मरतो आणि फ्रेया ही देवी त्याला आपल्या कामासाठी पुन्हा उभा करते. त्याने तीन बेटे मोकळी करायची. शेतवस्त्या, खाणी, छावण्या यांतून बंदिवान सोडवायचे, त्यांची फौज बांधायची आणि अखेरीस एखाद्या मोठ्या गढीवर चालून जायचे.

हा चालून जाण्याचा प्रसंग खेळाचे सर्वस्व आहे. पडद्यावर शेकडो सैनिक एकाच वेळी भिडतात. कालपर्यंत पिंजऱ्यात असलेली माणसे आपल्या डाव्या-उजव्या हाताला लढत असतात. शत्रूचे मांत्रिक मागून नव्या झुंडी उभ्या करत राहतात आणि त्या गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचायचे असते. आकाशात ड्रॅगन असतो. एकट्याच्या मारामारीला समूहाच्या लढ्याचा अर्थ येतो, तो इथे.

आणि या प्रसंगांच्या मधला सगळा वेळ? तिथे बेटे रिकामी आहेत. रस्ते लांब, माणसे मुकी. सोडवलेले गावकरी आनंदाने ओरडतात आणि मग नुसते उभे राहतात. पहिल्या बेटावर जे केले तेच दुसऱ्या बेटावर, तेच तिसऱ्यावर. कथा दोन-चार प्रवेशांत उरकलेली आहे. शेवटाकडे स्कारिन देवांच्याच विरोधात जातो आणि माणसाला देवांच्या हातून मोकळे करण्याची भाषा खेळात येते. हा खरे तर एका मोठ्या शोकांतिकेचा ऐवज आहे. पण त्या वळणाची कसलीही पूर्वतयारी नसल्यामुळे ते वळण कानावर पडते, मनात उतरत नाही.

तरीही आम्ही तिन्ही बेटे पार केली. का? आमच्या वहीत चौथ्या संध्याकाळी एक वाक्य लिहिलेले आहे : ‘मन केव्हाच उठून गेले आहे, हात बसून आहेत.’ आमच्या मते या खेळप्रकाराची किल्ली इथे आहे. कादंबरी वाचताना हाताला पान उलटण्यापलीकडे काम नसते. या खेळांत मात्र एकाच देहात दोन वाचक बसलेले असतात. एक मन, दुसरे मनगट. मनाला पुनरावृत्तीचा कंटाळा येतो, तर मनगट पुनरावृत्तीवरच पोसते. पहिल्या दिवशी तीन शत्रूंसमोर गडबडणारा हात चौथ्या दिवशी आठ जणांत शिरून बाहेर येतो. ढाल कधी धरायची, पाऊल कधी मागे घ्यायचे हे त्याला विचार न करता कळू लागते. ‘सदोष पण रंजक’ या शब्दांत जो विरोधाभास वाटतो तो इथे उलगडतो. दोषाची तक्रार एकाची असते, रंजनाची पावती दुसऱ्याची. वजाबाकी करायची तर दोन्ही रकाने एकाच खात्यातले असावे लागतात. इथे खातीच वेगळी आहेत.

मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. जात्यावरची ओवी दळणाच्या फेऱ्याला बांधलेली असते. तिची पुनरावृत्ती कागदावर वाचली तर कंटाळवाणी, खुंटा हातात असला तर आधाराची. फरक एवढाच की ओवीत फेरा तोच राहतो आणि शब्द पुढे सरकतो. हाताच्या त्याच त्या चालीवर बाई माहेर, भाऊ, देव, सवत असे सारे जग फिरून येते. ‘व्हायकिंग’मध्ये फेरा आहे, ओवी नाही.

मनगटाचा हा मुद्दा आम्हांला सुचला खरा. पण त्याला धार आणली आमच्या एका विद्यार्थ्याने. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांपैकी त्याचे एक कुटुंब. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यातली गावेच्या गावे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची ओळख त्यांच्या हातातल्या हत्याराने होते. मराठीत अवयवाने किंवा साधनाने माणूस सुचवणाऱ्या लक्षणेची उदाहरणे आम्ही वर्गात देतो. पण या उदाहरणाच्या वेळी मागच्या बाकांवर शांतता पसरते.

हा विद्यार्थी हंगामाला निघण्यापूर्वी पुस्तके न्यायला आला होता. अर्धा तास ‘व्हायकिंग’ खेळला, आमच्याहून कितीतरी सफाईने. मग गेमपॅड खाली ठेवून म्हणाला, “सर, मस्त आहे. पण याचं मनगट दुखत नाही.”

आम्ही थोडे खोदून विचारले. त्याचे म्हणणे असे की ऊस तोडताना घाव बुडाशी, जमिनीसरशी बसावा लागतो. कोवळा ऊस वेगळा लागतो, निबर वेगळा, आडवा पडलेला आणखी वेगळा. प्रत्येक कांड्याचा हाताला जबाब येतो. त्या जबाबावर पुढचा घाव ठरतो. वाढे छाटायचे, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची. दुपारनंतर हात आपोआप चालतो, “मोजायचं नसतं सर, मोजलं की थकवा येतो.” स्कारिनचा हातही असाच आपोआप चालतो, पण त्याला कुणाचा जबाब येत नाही. दगड काय, लाकूड काय, हाड काय, सगळे एकाच आवाजात तुटते.

या वाक्याला आम्ही काव्यात्म अर्थ लावू इच्छित नाही. श्रमाचे दुःख आणि खेळाचे सुख यांची तुलना करणे बरे नव्हे. तो स्वतःही करत नव्हता. तो कारागिरीविषयी बोलत होता. खेळ घडवणाऱ्यांच्या परिभाषेत हा प्रश्न घावाच्या वजनाचा आहे. घाव बसला की चित्र निमिषभर थांबवतात, आवाज खोल करतात, शत्रूला मागे रेलायला लावतात. त्या थांबण्यातून हाताला वजनाचा भास होतो. ही या प्रकारातली छंदोरचना म्हणावी. ती जमली तर मनगट तासन्‌तास रमते, फसली तर बटणे उरतात.

‘राजी’ची गोष्ट इथून सुरू करायला हवी, कारण तिथे सारे उलट आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने हा खेळ केला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी काढण्याचा प्रयत्न झाला. पुरेशी रक्कम उभी राहिली नाही, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुण्यात जन्मलेल्या या खेळाने पहिल्यांदा तोंड उघडले ते इंग्रजीत; हिंदी आवाज २०२२च्या वाढीव आवृत्तीत आला.

राजी ही कसरती करणारी अनाथ मुलगी. असुर मनुष्यलोकावर चालून येतात, मुलांना पळवून नेतात. त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही असतो. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. भाऊ शोधायला निघालेल्या बहिणीची ही गोष्ट, आणि ती सांगतात खुद्द दुर्गा आणि विष्णू, एकमेकांना टोकत, कधी थट्टा करत. मध्ययुगीन राजस्थानचे किल्ले, जाळीदार सज्जे, पाण्याची कुंडे. राजी भिंतीवरल्या चित्रांपाशी थांबली की त्या चित्रांतली देवकथा ऐकू येते. मधले प्रवेश छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. भिंतीवर तुटलेल्या नक्षीची वर्तुळे फिरवून जुळवायची कोडीही आहेत.

भिंतीवरचे चित्र दाखवत कथा सांगणे म्हणजे चित्रकथीच की! आमच्यापासून गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या नावाने चित्रकथीची एक शैली ओळखली जाते. मोठे डोळे, ठसठशीत रंग, राक्षस आणि वीर एकाच मापाचे. कोकणात पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा जिवंत ठेवली. चित्रकथी चित्र दाखवतो, थांबतो, बोलतो. ऐकणाऱ्याला पाहायला अवधी देतो. ‘राजी’ला हा अवधी देता येतो. ‘व्हायकिंग’च्या बेटांवर आम्ही धावलो, ‘राजी’च्या किल्ल्यात आम्ही उभे राहिलो. आमच्यापैकी एकाची आई, जिने कधी असला खेळ पाहिला नव्हता, ती भिंतीवरची देवी दिसताच जवळ येऊन बसली आणि पुढची कथा आधीच सांगू लागली.

मनाला एवढे देणारा हा खेळ मनगटाला मात्र ताटकळत ठेवतो. कॅमेरा दूर आणि ठरल्या जागी असल्यामुळे उडीचा अंदाज चुकतो. एकदा घाव घालायला सुरुवात केली की राजी तो पुरा करते, मग बाजूने हल्ला येवो. वीज, बर्फ, अग्नी अशा शक्ती शस्त्रांना जोडता येतात, पण त्यांनी घावाचे वजन फारसे बदलत नाही. कसरतपटू मुलगी खांबाभोवती गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते तेव्हा कल्पना सुंदर वाटते. प्रत्यक्षात ती गिरकी दर वेळी हव्या त्या क्षणी घेता येत नाही. शिवाय पाच-सहा तासांत खेळ संपतो, आणि संपतो तोही मध्येच पान फाडल्यासारखा. मन पुढे जाऊ पाहते आणि हात त्याला मागे ओढतो. ‘व्हायकिंग’मध्ये फेरा होता, ओवी नव्हती. इथे ओवी आहे, पण जात्याचा खुंटा सैल आहे.

इथवर दोन खेळांचा हिशोब फिटतो. परंतु आमच्या वर्गातली चर्चा इथे थांबली नाही. तिने एका वेगळ्याच दोषाला हात घातला, जो दोन्ही खेळांत सारखा आहे आणि ज्याच्याशिवाय हा खेळप्रकार उभाच राहत नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या राक्षसांना गाव नसतं का?”

प्रश्नावर हशा झाला. पण तो गेवराई तालुक्यात विचारला गेला होता, हे लक्षात घ्यावे. आमच्या तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन नावाचे गाव आहे. तिथे शनीचे प्रसिद्ध स्थान आहे, लोक दर्शनाला जातात, तिथली मुले आमच्या महाविद्यालयात शिकतात. राक्षसांना गाव असते, हे आमच्या विद्यार्थ्यांना एसटीच्या पाटीवरून ठाऊक आहे.

याच राक्षसभुवनाला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. त्याच वर्षी निजामाच्या बाजूच्या फौजांनी पुणे लुटले आणि जाळले होते. तेव्हा पुण्याच्या दृष्टीने समोर राक्षसच होते, असे म्हणता येईल. गोदावरीच्या पलीकडे निजाम अली, अलीकडे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर आणि मागे राहिलेली फौज. माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी या अलीकडच्या फौजेला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामाच्या बाजूने पडलेल्या या माणसाचे नाव पाहावे : विठ्ठल. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाकडे गेलेले होते, ते लढाईपूर्वी वळवले गेले. म्हणजे कोण कुणाच्या बाजूला हे त्या पावसाळ्यात नदीच्या पाण्यासारखेच बदलते होते. ऐतिहासिक लढाईत शत्रूला नाव असते, मातृभाषा असते, कधी ती आपलीच असते. खेळातल्या लढाईत हे सारे काढून घ्यावे लागते, त्याशिवाय घाव घालणे सुखाचे होत नाही.

पुराणकथेचेही असेच. स्नोरीच्या ग्रंथात हेलकडे कोण जाते? जी माणसे आजाराने किंवा म्हातारपणाने मरतात, ती. युद्धात न मेलेली, अंथरुणावर शेवटचा श्वास घेतलेली साधी माणसे. त्या हिशोबाने स्कारिन ज्यांना बेटाबेटांवर कापत सुटतो त्यांत त्याची आजीही असू शकेल. खेळ ही शक्यता जवळही येऊ देत नाही. ‘राजी’तला असुरांचा म्होरक्या महाबलासुर. नाव ऐकताच मराठी कानाला बळी आठवतो. व्युत्पत्तीने दोघांचा संबंध जोडू नये हे खरे. परंतु बलिप्रतिपदेला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणत ओवाळणाऱ्या घरांत वाढलेल्या मुलांना विष्णूने दिलेल्या धनुष्याने असुर मारताना क्षणभर अडखळायला होते. वामन विष्णूचाच अवतार आणि बळी असुरच. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले, तेव्हा त्यांनी काही परके आणले नव्हते, ओवाळणाऱ्या हातांनी तो आधीच जपलेला होता. परंपरेतल्या असुराला कुळ असते : बळीचा आजा प्रल्हाद, प्रल्हादाचा बाप हिरण्यकशिपू. खेळातल्या असुराला केवळ संख्या असते.

पैठणी चित्रांत राक्षस आणि वीर एकाच मापाचे असतात, असे वर म्हटले. चित्रकथीला राक्षसाच्याही तोंडी बोलावे लागते, आणि ते तो तितक्याच जीव तोडून बोलतो. ‘राजी’ने त्या भिंती घेतल्या, बाहुल्या घेतल्या, थांबण्याचा अवधी घेतला. राक्षसाचे बोलणे तेवढे राहून गेले.

हा आक्षेप नैतिक उपदेशाचा नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. मारधाडीचे खेळ खेळून मुले हिंसक होतात, असे सरसकट विधान आम्ही करणार नाही. जो विद्यार्थी सर्वांत सफाईने स्कारिनचा हात चालवतो, तो वर्गात सर्वांत मवाळ आहे. परंतु अलीकडे आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत ज्या प्रकारच्या बातम्यांत येते, ते पाहता समोरच्याला नाव, गाव, आजा-पणजा काहीच नाही असे मानण्याची सवय ही केवळ पडद्यावरची गोष्ट राहिलेली नाही. निवडणुकीच्या सभेत, गावकीच्या भांडणात, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘राक्षस’ हा शब्द किती सहज वापरला जातो! साहित्याच्या शिक्षकांकडे या बाबतीत देण्यासारखे फार नाही. पण राक्षसाला गाव असते, हे सांगणाऱ्या कथा आमच्याकडेच आहेत, आणि त्या सांगण्याचे काम आमचे आहे.

याचा अर्थ ‘राजी’ आणि ‘व्हायकिंग’ नाकारावेत असा होत नाही. उलट आम्ही दोन्हींची शिफारस करू. ‘व्हायकिंग’ दाखवतो की समूहाच्या लढ्याचा आवेश कथेच्या दारिद्र्यातही टिकू शकतो. ‘राजी’ दाखवते की मोठ्या भांडवलाशिवाय, पुण्यात बसून, आपल्या भिंती आणि बाहुल्या जगापुढे अशा मांडता येतात की लोक थांबून पाहतील. निर्दोष, घोटीव कृतीपुढे आपण नुसते मान डोलावतो. सदोष कृती सांध्यावर उसवलेली असते. आत काय आहे ते दिसते, आणि कुठे काय हवे होते याचा विचार वाचकाला स्वतः करावा लागतो. ‘मुक्तामाला’कडेही या दृष्टीने पुन्हा जाता येईल. तिच्या योगायोगांवर हसून झाल्यावर, त्या योगायोगांनी वाचकाच्या कोणत्या इंद्रियाला सुख दिले, असे विचारता येईल.

असो. या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गुणदोषविवेचनाचा रकान्यांचा प्रश्न आम्ही दिलेला नाही. त्याऐवजी विचारले आहे : तुम्हांला आवडलेली एक सदोष कृती घ्या. तिचा दोष तुमच्यातल्या कुणाला जाणवला, आणि आनंद तुमच्यातल्या कुणाला झाला? उत्तरे येत आहेत. कुणी गावच्या जत्रेतल्या वगाविषयी लिहिले आहे. त्यातला सोंगाड्या तेच तेच बोलतो, पण ढोलकी उठू देत नाही. कुणी एका टीव्ही मालिकेविषयी लिहिले आहे, जिची कथा घरात सगळ्यांना हास्यास्पद वाटते आणि जी आजीशेजारी बसूनच पाहवते. राक्षसांच्या गावाविषयी विचारणाऱ्या विद्यार्थिनीने महाबलासुराची बाजू दोन पाने लिहून आणली आहे. त्यात त्याला एक बहीण आहे.

कोयत्यावर गेलेल्या विद्यार्थ्याची वही अजून यायची आहे. हंगामाचा पट्टा पडला की तो परतेल.